वरच्या खोलीचा अर्ज

सभेत, मोर्च्यानंतरच्या चहाला किंवा कॉलेजातल्या एखाद्या चर्चेत कुणीतरी पोरगं हमखास उठतं आणि विचारतं, "सर, तुमची पहिली लढाई कुणाशी झाली?" त्याला पोलीस ऐकायचे असतात, निदान एखादा मंत्री तरी. मी खरं ते सांगतो. माझी पहिली लढाई भिलाईत झाली, स्टील प्लांटच्या टाउनशिपमधल्या अलॉटमेंट सेक्शनमधून रिटायर झालेल्या एका हेडक्लार्कशी, आणि ती एका अर्जावरून झाली. हेडक्लार्क माझे वडील होते. पोरगं खट्टू होऊन खाली बसतं.

बाबांनी उभी नोकरी लोकांना क्वार्टर देण्यात घालवली. आई म्हणायची, न देण्यात. क्वार्टर कमी, माणसं फार आणि मध्ये बाबा बसलेले. आमच्या गावात माणसाची जात, भाषा, पगार हे सगळं नंतर. आधी सेक्टर कुठला आणि क्वार्टर कुठल्या टाइपचा. त्यामुळे बाबा कुणाच्या लग्नात शिरले की दोघं जण त्यांना खुर्ची द्यायला उठायचे आणि दोघं जण मागच्या दाराने पसार व्हायचे. पसार होणारे सब-लेटिंगवाले, म्हणजे स्वतःचा क्वार्टर गुपचूप दुसऱ्याला भाड्याने देणारे. तपासणीला गेलं की आत लुंगी नेसून जो कोणी उभा असेल तो क्वार्टरवाल्याचा मावसभाऊ निघायचा. बिहारी फोरमनचा मावसभाऊ तेलुगू, बंगाली चार्जमनचा मावसभाऊ मल्याळी. बाबा संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता आईला सांगायचे, "आज चार मावसभाऊ सापडले." आई विचारायची, "जेवले होते का बिचारे?"

घरातही कारभार असाच. मला आठवीत सायकल हवी होती तेव्हा बाबांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला होता. 'महोदय' लिहायला विसरलो म्हणून तो परत आला. आई कधीकधी आमच्या वऱ्हाडीत वैतागायची. "भाजीत मीठ टाकायच्या आधी मी बी याईले नोटशीट पाठवत जाऊ का?" बाबांना त्यात विनोद दिसायचा नाही. तोंडी मागणाऱ्याला तोंडी नकार मिळतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. पुढे आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवताना मला त्याचा फार उपयोग झाला, पण ते नंतर.

रिटायर झाल्यावर आम्हाला आमचाच क्वार्टर सोडावा लागला. ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी बाबांनी स्वतःच स्वतःला आठवणपत्र काढलं की काय, अशी आई शंका घ्यायची. मग स्मृति नगरात त्यांनी घर बांधलं. खाली दोन खोल्या, आणि जिना चढून वर एक खोली. वरच्या खोलीला नुसत्या विटा. "रिकाम्या खोलीले प्लास्टर कावून पायजे?" बाबा म्हणायचे. "याचं लग्न ठरलं की मारू." आमच्या नातेवाइकांत त्या खोलीचं नावच 'सूनबाईची खोली' पडलं होतं. सूनबाईचा पत्ता नव्हता आणि खोलीत आईच्या वड्या वाळत असायच्या.

मी तेव्हा प्लांटच्या स्टोअरमध्ये कारकून होतो आणि मराठी मंडळासाठी नाटकं लिहायचो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, माझी तिशीही जवळ आली होती, आणि वर्ध्याकडून एका स्थळाची पत्रं यायला लागली होती. मुलगी शिकलेली, गव्हाळ, भरतकाम येणारी. माझी अडचण एवढीच होती की माझं माणूस मला चार वर्षांपूर्वीच सुपेल्याच्या बाजारात, पंक्चरच्या दुकानात सापडलं होतं.

तो दुर्गजवळच्या खेड्यातला छत्तीसगढी. ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन. काम प्लांटच्या आतलं, पण माणूस प्लांटचा नाही. दर काही महिन्यांनी कामाचा कागद संपायचा आणि पुन्हा नवा व्हायचा. ठेकेदाराच्या माणसाला क्वार्टर कुठला? तो एका फोरमनच्या क्वार्टरमध्ये मागच्या खोलीत राहायचा. तपासणी आली की फोरमनचा मावसभाऊ व्हायचा. आमच्या घरी तो माझा मित्र म्हणून यायचा, आईच्या पातोडीच्या रश्शावर ताव मारायचा आणि तिच्याशी अशी मराठी बोलायचा की आईला हसून हसून ठसका लागायचा. माझं त्याच्यावर प्रेम होतं. हे वाक्य आता मी माइकवर सहज बोलतो. तेव्हा मनातसुद्धा हळू बोलायचो. आमच्यासारख्यांसाठी शब्द नव्हते असं नाही, पण ते सगळे भिंतींवर कोळशाने लिहिलेले.

बाबांना तोंडाने सांगणं शक्य नव्हतं. मग मला नाटककाराला सुचावी तशी युक्ती सुचली. मंडळाचं गणपतीतलं नाटक आधी वाचन समितीकडे जायचं. समितीत तिघं होते. त्यातले एक रोलिंग मिलचे फोरमन, त्यांना पहिल्या पानावर झोप लागायची. दुसरे वित्त विभागातले, ते फक्त पात्रं मोजायचे, कारण तालमीला तेवढे चहा लागत. तिसरे बाबा. बाबा अक्षर न् अक्षर वाचायचे. म्हणजे मी नाटकात जे लिहीन ते त्यांना वाचावंच लागणार होतं, तेही पेन्सिल हातात घेऊन.

महिनाभर खपून मी नाटक लिहिलं. दोन फिटर एका खोलीच्या क्वार्टरमध्ये सहा वर्षं एकत्र राहतात. एकाला वेगळा, मोठा क्वार्टर मंजूर होतो. तो ते पत्र पिठाच्या डब्यात लपवतो. दुसऱ्याला पोळ्या करताना ते सापडतं. भांडण होतं, रडारड होते, आणि शेवटी पहिला ते पत्र फाडतो आणि म्हणतो, "मले घर भेटलेलं हाय. हेच." ते वाक्य लिहिताना मी स्वतः रडलो होतो. याहून स्पष्ट माणसाने काय सांगायचं?

आठवड्याने फाइल परत आली. बाबांनी अकरा हरकती काढल्या होत्या. फिटरला त्या टाइपचा क्वार्टर मिळूच शकत नाही, सबब ग्रेड दुरुस्त करावी. मंजुरीपत्र मूळ प्रत असून ते पिठाच्या डब्यात ठेवणे गैर आहे. पत्र फाडू नये, नकार विहित नमुन्यात कळवावा. मी एकेक वाचत होतो आणि माझं डोकं फिरत होतं. शेवटच्या हरकतीवर मात्र मी गार पडलो. "नाटकाअंती दोन्ही पात्रे एकाच क्वार्टरमध्ये कायम राहताना दाखवली आहेत. संयुक्त नावाने क्वार्टर फक्त पती-पत्नीस देता येतो. सबब पात्रांचे नाते स्पष्ट करावे."

बाबा समोरच बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मला वाटलं, मलाच विचारून राहिलेत. मग वाटलं, छे, हा नियम आहे. बराच वेळ मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण तीस वर्षं अर्जदारांसमोर बसलेलं तोंड होतं ते, त्यावर काय दिसणार? मी पेन उचललं. आणि मी, पुढे चारचौघांत छाती काढून बोलणारा मी, पहिल्या अंकात एक वाक्य घुसडलं: "आमी दोघं मावसभाऊ."

नाटक मंजूर झालं.

'त्या'ला तालमीत ते वाक्य ऐकू आलं. त्या नाटकाची दिवेबत्ती त्याच्याकडे होती. वायर गुंडाळता गुंडाळता तो थांबला. बाहेर सायकल स्टँडपाशी त्याने मला गाठलं. "का लिखे हस?" काय लिहिलंस हे? मग मराठीत, म्हणजे त्याच्या मराठीत. "तिकडे फोरमनचा मावसभाऊ. इकडे तुझा मावसभाऊ. मी कोणाचा काही दुसरा होणार की नाही?" तो आठ दिवस बोलला नाही. तालमीत माझ्या तोंडावर मुद्दाम हिरवा लाइट टाकायचा.

प्रयोगाच्या दिवशी वेगळीच तऱ्हा. आमच्या मंडळात प्रत्येक भूमिकेला दोन नट असत, कारण कोण कुठल्या शिफ्टला अडकेल याचा नेम नसे. पहिल्या फिटरचा गोरा, लठ्ठ नट मध्यंतरापर्यंत होता. मग त्याची ड्यूटी लागली आणि दुसऱ्या अंकात एक सावळा, किडकिडीत गृहस्थ त्याच शर्टात आला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "रिलीव्हर आला!" आणि टाळ्या पडल्या. पण खरा कहर त्याआधीच झाला होता. पहिल्या अंकात "आमी दोघं मावसभाऊ" हे वाक्य आलं आणि सगळा हॉल कोसळला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. निम्मा हॉल सब-लेटिंगमध्ये राहत होता, उरलेला निम्मा सब-लेट करून बसला होता. माझ्या काळजाचा तुकडा असलेलं नाटक पाच मिनिटांत क्वार्टर घोटाळ्यावरचं प्रहसन झालं. शेवटी नटाने मंजुरीपत्र फाडलं तेव्हा मागून आरोळी आली, "अबे, फाडू नको! माह्या नावावर कर!"

मी पडद्यामागे एका ट्रंकेवर बसून राहिलो. अशी फजिती शत्रूचीही होऊ नये. नाटकाला बक्षीस मिळालं. बक्षीस मिळाल्यावर तर मला रडूच आलं, आणि लोक म्हणाले, किती हळवा लेखक आहे. हॉलमध्ये सगळे हसत होते तेव्हा बाबा हसले नव्हते, असं आई नंतर म्हणाली. मला वाटलं, पत्र फाडलं म्हणून चिडले असतील.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी वर्धेचे पाहुणे येऊन राहिले. उद्या गवंडी सांगतो. वरच्या खोलीले प्लास्टर मारून घेऊ."

माझी भीती अशी की आता बोललो नाही, तर कुठलीतरी शिकलेली, गव्हाळ, निरपराध मुलगी त्या खोलीत येऊन बसेल आणि तिघांच्या आयुष्याचं मातेरं होईल. मी म्हणालो, "बाबा, मले ती खोली पायजे."

"तुलेच हाय."

"मले अन त्याले." आणि मी त्याचं नाव घेतलं.

आईने वाढता वाढता पळी भांड्यात ठेवली. बाबांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाले, "अर्ज कर."

मला इतका राग आला की ताट सरकवून मी उठलो. जीव जाऊन राहिला माणसाचा आणि म्हणे अर्ज कर! आई माझ्यामागे अंगणात आली. "कर ना बाप्पा अर्ज," ती म्हणाली. "नाही म्हणाले का थे?" मी थबकलो. खरंच, नाही म्हणाले नव्हते.

अर्जाचा नमुना बाबांनी स्वतः आखून दिला, पट्टीने. अर्जदाराचे नाव, सहनिवासीचे नाव, खोली व कालावधी, आणि चौथ्या ओळीत 'सहनिवासीशी नाते'. मी सगळं भरलं आणि नात्याची जागा कोरी ठेवली. सकाळी माझ्या चहाच्या बशीखाली अर्ज परत आलेला होता. लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अपूर्ण'.

मंगळवारी मी 'मित्र' लिहिलं. बुधवारी सकाळी बशीखाली: 'मित्रास ठेवणे म्हणजे सब-लेटिंग. नामंजूर.' आई बशी उचलताना वाचायची आणि बशी विसळायला घेऊन जायची. वर गवंड्याने प्लास्टरला सुरुवात केली होती, वाळू पडल्याचा आवाज खाली येत होता. गुरुवार आला.

त्या संध्याकाळी मी सुपेल्यात त्याच पंक्चरच्या दुकानासमोर, चहाच्या टपरीवर त्याला भेटलो आणि तिसरा कोरा अर्ज बाकावर ठेवला. तो अजून थोडा फुगलेलाच होता. अर्ज मात्र त्याने नीट वाचला, वायरिंगचा नकाशा वाचावा तसा.

"काय लिहू?" मी विचारलं. "शब्दच नाही."

"शब्द नको लिहू," तो म्हणाला. "जे आहे ते लिही."

चहा गार झाला. मग एका दमात लिहिलं आणि पुन्हा न वाचता घडी घातली, कारण वाचलं असतं तर फाडलं असतं. त्याला दाखवलंही नाही.

घरी आलो तेव्हा गवंडी निघून गेला होता आणि बाबा वरच्या खोलीत पाइप धरून अर्ध्या भिंतीवर पाणी मारत होते. मी अर्ज पुढे केला. त्यांनी नळी आईच्या वड्यांच्या रिकाम्या ताटात ठेवली, हात धोतराला पुसले, चष्मा लावला. पहिल्या तीन ओळी त्यांनी सवयीने बोटाने तपासल्या. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

मी लिहिलं होतं, 'जसे आपले आणि आईचे'.

ताट भरून पाणी जमिनीवर सांडायला लागलं. कुणीही नळी उचलली नाही. हा माणूस आता मला घराबाहेर काढेल, विहित नमुन्यात काढेल, असं मला वाटत होतं.

"नाटकात मावसभाऊ लिहिलं होतं तू," बाबा शेवटी म्हणाले.

"हौ."

"पहिल्या वाचनात नव्हतं. मी विचारल्यावर घातलं. शाई बी वेगळी होती." त्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं लोकायचे मावसभाऊ पकडले मी. माह्या घरातच एक निघन असं वाटलं नव्हतं."

"बाबा..."

"मले हे समजत नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हेडक्लार्कचा नव्हता. "खोटं कशाले बोलू. नियमात बसत नाही, डोक्यात बी बसत नाही. पण तू हे खोटं लिहिलं नाही, येवढं मले दिसते." ते अर्ध्या भिंतीकडे वळले आणि प्लास्टरवर बोटाने वाजवून पाहिलं. "पण एक हरकत हाय."

"काय?"

"माह्यासारखं अन तुह्या आईसारखं म्हंतो तू. म्हणजे भांडणं होतील. थे खाली आयकू नाही आले पायजे. गवंड्याले सांगजो, प्लास्टर जाड मार म्हणा."

जिन्याखालून आईचा आवाज आला. "अन तुमचं घोरणं वर आयकू येते, त्याचं काय?" ती किती वेळ तिथे उभी होती कुणास ठाऊक. मी हसायला लागलो आणि हसता हसता हुंदके द्यायला लागलो. बाबांनी नळी उचलून पुन्हा भिंतीवर पाणी मारायला घेतलं, कारण ओल्या प्लास्टरला पाणी द्यावंच लागतं.

या विषयावर ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. कुणी शेजारी खोदून विचारायला लागला की वर्तमानपत्र उघडून बसायचे. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका काकांनी येणं बंद केलं, आणि मंडळाने दोन वर्षं माझं नाटक घेतलं नाही. पण तो रविवारच्या आधी, शनिवारी, लोखंडी पेटी आणि आईसाठी त्याच्या घरच्या ठेठरीचा, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कडबोळ्यांचा, डबा घेऊन वर राहायला आला. आईने डबा रिकामा करून त्यात वड्या भरून दिल्या.

पाहुण्यांना येऊ नका हे कळवणं भाग होतं. बाबांनी शुक्रवारीच सकाळी तार केली आणि मागाहून एक पोस्टकार्ड लिहिलं. म्हणाले, तार म्हणजे तोंडी नकार झाला, लेखी पायजे. पोस्टकार्ड टाकायला त्यांनी मला सुपेल्याला पाठवलं. तो सायकलीच्या कॅरियरवर मागे बसला होता. पोस्टाच्या पेटीपाशी उतरून मी कार्ड वाचलं, मग त्याच्या हातात दिलं. मुलगी सुस्वरूप व सुशिक्षित असल्याबद्दल दोन ओळी होत्या. पुढे बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'तथापि आमच्याकडील जागा भरली गेली आहे. सदर नेमणूक कायमस्वरूपी असल्याने प्रतीक्षा यादी ठेवलेली नाही. कळावे.'

तो ओठ हलवत वाचत होता. एका शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"परमनंट?" त्याने विचारलं. ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं कागद बदलून काम केलेल्या माणसाने.

"हौ," मी म्हणालो, आणि कार्ड पेटीत टाकलं.